नेमलेले दिवस : लेवीय 23 वर भाष्य

पीठिका

तोराच्या पाच ग्रंथांपैकी तिसरा लेवीय. त्याच्या 23व्या अध्यायात 44 वचने आहेत आणि यहुदी वर्षातले सण त्यांत ओळीने मांडले आहेत : शब्बाथ, वल्हांडण, पहिल्या पेंढीचा दिवस, सप्तकांचा सण, सातव्या महिन्याची पहिली तिथी, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. सण हेतू ओळखून, मनापासून पाळायचा म्हणजे नेमके काय करायचे, या एका प्रश्नासाठी हा अध्याय येथे वचनावचनाने वाचला आहे. वचनांचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे. ज्यांच्या घरी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर आहे त्यांनी ते शेजारी उघडून ठेवावे.

ग्रंथाच्या जोडीला येथे दुसरा साक्षीदार घेतला आहे, तो म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा आचार. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरा सांगते. ग्रंथ गेले, हिब्रू विसरली, पंचांग हरवले. सण मात्र राहिले, तेही मराठी नावांनी. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, अनाशी ढाकाचा सण ही ती नावे. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहिलेल्या आणि 1937 साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात त्यांची नोंद आहे. ज्यांच्याजवळ कारण सांगणारे पुस्तक नव्हते, त्यांनी शतकानुशतके सण पाळले. हेतूचा विचार करणाऱ्याला याहून मोलाचा पुरावा मिळणार नाही.

हे भाष्य डोळखांबहून लिहीत आहे. बेने इस्रायलांची जुनी गावे अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या बाजूची. आमच्या शहापूर-मुरबाडकडून सर्वांत जवळचे त्यांचे मोठे प्रार्थनास्थळ ठाण्याला टेंभी नाक्याजवळ आहे. 1879 साली उभे राहिलेले ते ‘शाआर हाशामाइम’ सिनेगॉग. अध्याय मात्र शेतकऱ्यांचा आहे. पेंढी, लोंबी, कापणी, मांडव हीच त्याची भाषा आहे. आजोबाच्या डोंगराखाली भात पिकवणाऱ्या मुलखात त्यातली बरीच वचने कोशावाचून कळतात.

वचने 1–2

*आशय : देव मोशेला सांगतो की, इस्रायलांना माझे नेमलेले सण कळव, त्या दिवशी त्यांनी पवित्र मेळे जाहीर करावेत.*

सण देवाचे म्हटले आहेत आणि जाहीर करायचे काम माणसांवर सोपवले आहे. नवा चंद्र पाहिल्याची साक्ष घेऊन न्यायसभा महिना ठरवत असे. मिश्ना या जुन्या रब्बी नियमसंग्रहातल्या रोश हाशाना या भागात एक प्रसंग येतो. रब्बान गमलिएल यांनी मान्य केलेली साक्ष चुकीची आहे असे रब्बी यहोशुआ यांचे मत होते. त्यांच्या गणिताने प्रायश्चित्ताचा दिवस वेगळा येत होता. गमलिएल यांनी आज्ञा केली की, तुमच्या हिशेबाने जो योम किप्पूर आहे त्या दिवशी काठी आणि पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे या. यहोशुआ गेले. गमलिएल उठून उभे राहिले, त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि त्यांना ज्ञानाने आपले गुरू व आज्ञापालनाने आपले शिष्य म्हटले.

या प्रसंगाने पहिली गोष्ट पक्की होते. सणाची सच्चाई एकट्याच्या बिनचूक गणितावर उभी नाही. तो समाजाने मिळून धरायचा दिवस आहे. कोकणातल्या समाजाकडे न्यायसभा नव्हती, साक्षीदार नव्हते, छापील तिथीपत्र नव्हते. तरी गावोगावच्या घरांनी एकमेकांना धरून दिवस सांभाळला. तिथी एखाद्या दिवसाने पुढे-मागे झालीही असेल. मेळा मोडला नाही.

वचन 3

*आशय : सहा दिवस काम करावे, सातवा दिवस पूर्ण विसाव्याचा शब्बाथ, तुमच्या सर्व वस्त्यांमध्ये.*

वार्षिक सणांच्या आधी आठवड्याचा दिवस आला आहे. वर्षातून एकदा भक्ती दाखवणे सोपे असते. दर सातव्या दिवशी धंदा बंद ठेवणे अवघड, आणि अध्याय अवघडापासून सुरू होतो.

बेने इस्रायलांचा गावातला धंदा तेल गाळण्याचा होता. लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हे नाव त्यांनी स्वतः घेतले नव्हते, शेजाऱ्यांनी दिले. लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल, उखळीत पडणारे तीळ किंवा खोबरे, खाली भांड्यात उतरणारी तेलाची धार. सहा दिवस त्या घाण्याची करकर गावाला ऐकू येई. शनिवारी ती थांबे. तेलासाठी आलेले गिऱ्हाईक परत जाई, आणि दोन-चार खेपांनंतर शुक्रवारीच येऊन तेल भरून नेई. दहा आज्ञांमधल्या शब्बाथाच्या आज्ञेत जनावरांच्या विसाव्याचाही उल्लेख आहे. घाण्याचा बैल त्या दिवशी गोठ्यात असे. आज्ञेचे शब्द विसरलेल्या घरात आज्ञा बैलापर्यंत पोहोचत होती.

*शंका :* पाठ नाही, अर्थ माहीत नाही, मग ही केवळ सवय नव्हे का? मध्ययुगीन यहुदी पंडित मैमोनिदीस यांनीही फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांविषयी असेच म्हटले होते की, त्यांना लेखी तोरा ठाऊक नाही, ते केवळ शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात.

*समाधान :* फुकट पडते ती सवय. जिच्यापायी दर आठवड्याला एक दिवसाची कमाई सोडावी लागते, ती दर आठवड्याला नव्याने स्वीकारावी लागते. कारण तोंडाने सांगता न येणे आणि हेतूच नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाणा थांबवणाऱ्याला कारण विचारले असते तर ‘आमच्यात असेच आहे’ एवढेच तो म्हणाला असता. त्या उत्तरात आपण कोण आहोत याची पुरी जाण आहे.

वचने 4–8

*आशय : पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी वल्हांडण, पंधराव्यापासून सात दिवस बेखमीर भाकरीचा सण, पहिल्या व सातव्या दिवशी मेळा, कष्टाचे काम बंद.*

मिसरातून सुटल्याची ही आठवण. निघताना कणीक फुगायला वेळ नव्हता, म्हणून सणात खमीर वर्ज्य. बेने इस्रायल याला अनाशी ढाकाचा सण म्हणत. आंबट पाण्याचे एक मडके घरात असे. जेवणात चवीला ते वापरत. सणाच्या दिवसांत ते मडके झाकून ठेवायचे. मिसर, फेरो, तांबडा समुद्र यांची कथा लोकांच्या बोलण्यातून गेली होती. तांदळाची भाकरी खाणाऱ्या मुलखात खमिराची रोटी मुळातच नव्हती. आज्ञा गळून पडायला याहून अधिक कारणे कोणती हवीत? तरी ती गळली नाही. घरात जे आंबते त्याला हात लावायचा नाही, एवढे सार लोकांनी धरले आणि आपल्या स्वयंपाकघरातली त्याला जुळणारी वस्तू शोधून तिच्यावर झाकण ठेवले. ग्रंथ न वाचता केलेले हे भाष्यच आहे.

हेतूच्या प्रश्नावर धर्मशास्त्रात या सणाच्या निमित्ताने मोठी चर्चा आहे. एखाद्याला पारशी राजवटीच्या लोकांनी बळजबरीने मत्सा, म्हणजे बेखमीर भाकर, खायला लावला, तर त्याचे कर्तव्य पार पडले का? तालमूद हा मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ म्हणतो, पडले. यावरून आज्ञेला हेतूची गरज नाही असे एक मत निघते. दुसरे मत उलट आहे. योसेफ कारो यांनी 16व्या शतकात ‘शुलहान आरुख’मध्ये, आज्ञा पाळताना ती पाळण्याचा हेतू मनात असावा लागतो, असा निर्णय दिला. मत्साच्या बळजबरीची गोष्ट मात्र त्यांनीही मान्य ठेवली, कारण खाल्लेले अन्न अंगी लागतेच. शास्त्र येथे माणसाच्या देहाला मान देते. हात, जीभ, पोट यांनी केलेली कृती मन मागे राहिले म्हणून वाया जात नाही. मन नंतर येऊन तिला मिळू शकते.

कोकणात पुढे तसेच घडले. 19व्या शतकात कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी आणि मिशनच्या शाळांनी हिब्रूचे दार उघडले. 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह हागादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. 1874 साली पुण्यात सचित्र हागादा निघाली. तिच्या चित्रांत मत्सा करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पेहरावात बसल्या आहेत. झाकलेल्या मडक्याचे कारण आता घराघरात मराठीतून वाचले जाऊ लागले. कारण कळल्यावर आचार सोडण्याची वेळ आली नाही. तो अधिक नेटका झाला.

वचने 9–14

*आशय : देशात पोहोचून कापणी कराल तेव्हा पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणावी, त्याने ती ओवाळावी, त्या दिवसापर्यंत नव्या धान्याची भाकरी, हुरडा किंवा दाणे खाऊ नयेत.*

ज्याने नांगरले, पेरले, राखण केली, त्यालाच म्हटले आहे की, आधी खाऊ नकोस. भूक अशा वेळी खरी असते. जुने धान्य संपत आलेले, नवे समोर उभे. त्या क्षणी हात आवरणे ही या वचनांची मागणी आहे. नवे धान्य देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात न घालण्याचा नेम आमच्या ठाकूर, महादेव कोळी, वारली वस्त्यांतही आहे, म्हणून याचे स्पष्टीकरण येथे कोणाला द्यावे लागत नाही. पीक माझ्या कष्टाने आले, पण एकट्या माझ्या कष्टाने आले नाही, ही कबुली त्यात आहे.

बेने इस्रायलांचा खिरीचा सण याच भावनेचा. तो तिश्री, म्हणजे सातव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी येई. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर करायची, ऊद जाळायचा, ‘शेमा’ म्हणायचा आणि मग खायचे. अध्यायात हा सण या नावाने नाही. मांडवांच्या सणाची जागा त्याने घेतली असावी, असे काही अभ्यासक मानतात. ‘शेमा’ ही एकच प्रार्थना त्यांच्याजवळ उरली होती आणि ती ते जन्मात, लग्नात, सणात म्हणत. ज्याच्याजवळ एकच प्रार्थना आहे तो ती तोंडपाठ म्हणून भरभर उरकत नाही.

वचने 15–21

*आशय : पेंढीच्या दिवसापासून सात आठवडे मोजावेत, पन्नासाव्या दिवशी नव्या धान्याचे अर्पण, त्यात खमीर घातलेल्या दोन भाकरी, पुन्हा मेळा.*

मोजणी कोणत्या दिवसापासून करायची यावर जुना वाद आहे. वचनात ‘शब्बाथानंतरचा दिवस’ असे आहे. रब्बी परंपरेने तो वल्हांडणाचा पहिला दिवस मानला. सदूकी आणि पुढे कराईत पंथीय यांनी तो आठवड्याचाच शब्बाथ मानला. येथे एवढे पुरे.

अधिक महत्त्वाची गोष्ट दोन भाकरींची. सहाव्या वचनात वर्ज्य ठरलेले खमीर येथे देवापुढच्या अर्पणात मुद्दाम मागितले आहे. म्हणजे खमीर अपवित्र नव्हते. सात दिवस ते बाजूला ठेवायचे होते, इतकेच. अनाशी ढाकाच्या मडक्यालाही हेच लागू पडते. त्यावर झाकण ठेवले, ते फोडले नाही. सण सरला की झाकण निघाले. सणातला त्याग वस्तूला दोष देत नाही. तो माणसाला आठवण देतो की, या वस्तूवाचूनही तू राहू शकतोस.

वचन 22

*आशय : कापणी करताना शेताचे कोपरे पूर्ण कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावा.*

अध्यायाचा गाभा या वचनात आहे असे माझे मत आहे. सणांच्या यादीत हे वचन कसे आले? येथे तिथी नाही, मेळा नाही, अर्पण नाही. शिवाय हाच नियम 19व्या अध्यायात एकदा येऊन गेला आहे. फ्रान्समधल्या त्र्वा शहरचे भाष्यकार राशी (1040–1105) यांनी ही शंका घेतली आणि जुन्या रब्बींच्या आधारे उत्तर दिले. जो गरिबांचा वाटा नीट सोडतो, त्याने जणू मंदिर बांधले आणि त्यात अर्पणे वाहिली असे धरले जाते, हे शिकवण्यासाठी ते वचन सणांच्या मध्ये ठेवले आहे. अर्पणांचे तपशील संपतात तिथेच ते आले आहे. वेदीवर काय ठेवले याच्या लगेच पुढे बांधावर काय सोडले, हा प्रश्न.

मिश्नातल्या ‘पेआ’ या भागाने नियम बारकाईने लावला आहे. कोपरा किती सोडावा याला वरची मर्यादा नाही. खाली मात्र साठाव्या भागापेक्षा कमी नको. कापताना एक किंवा दोन लोंब्या हातातून गळल्या तर त्या गरिबांच्या. हिल्लेलच्या परंपरेप्रमाणे तीन गळल्या तर मालकाच्या. मालकाने एकाला वेचू द्यायचे आणि दुसऱ्याला अडवायचे, किंवा आपल्या मर्जीतल्या एकाला मदत करायची, तर त्याने गरिबांना लुबाडले असे होते. हा शेवटचा नियम नीट पाहावा. दान देणाऱ्याला आवडता याचक निवडता येतो, त्याचे आभार घेता येतात. येथे तो मान मालकाला मिळत नाही. कोपऱ्यातले पीक उभे असते, गरीब स्वतः येतो, स्वतः कापतो आणि कोणापुढे हात न पसरता घरी नेतो.

डोळखांबच्या शिवारात दसरा-दिवाळीच्या सुमाराला हे वचन डोळ्यांसमोर उभे राहते. भात विळ्याने कापून कडपे वाळत टाकलेले असतात. नंतर भारे बांधून खळ्यावर नेतात आणि झोडतात. भारा उचलला की खाली लोंब्या राहतात. भारे गेल्यानंतर कातकरी बाया-पोरे शेतात उतरून त्या वेचतात. उंदरांनी बिळांत साठवलेले भातही ते उकरून काढतात. बिळाचे तोंड शोधणे, माती उकरणे, लोंब्या बाहेर काढून झटकणे, फाटक्या लुगड्याच्या धडप्यात बांधणे या कामाला अर्धा दिवस जातो आणि हाती येते ते एखाद-दुसऱ्या जेवणापुरते. याच घरांतली माणसे पुढे काही महिन्यांसाठी भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्या शेतकऱ्याच्या शेतात त्यांना कोणी हटकत नाही, तो लेवीयाचे 22वे वचन न वाचता पाळतो. जो हाकलून देतो, त्याच्या घरच्या लक्ष्मीपूजनात काहीतरी उणे राहते, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

सप्तकांच्या सणात यहुदी लोक रूथचा ग्रंथ वाचतात. रूथ मवाबी, म्हणजे परक्या देशाची विधवा. बेथलेहेमात बवाजाच्या शेतात ती सरवा वेचते आणि तिच्याच वंशात पुढे राजा दावीद जन्मतो. सोडलेल्या लोंब्यांतून इस्रायलचे राजघराणे उभे राहिले, हे त्या वाचनातून दर वर्षी समाज स्वतःला बजावतो.

वचने 23–25

*आशय : सातव्या महिन्याचा पहिला दिवस विसाव्याचा, तुतारीच्या निनादाने स्मरण करण्याचा, कष्टाचे काम बंद.*

हाच रोश हाशाना, बेने इस्रायलांचा नव्याचा सण. कशाचे स्मरण हे वचन सांगत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनावर मोठी जबाबदारी पडते. मिश्नाने ती एका उदाहरणाने सांगितली आहे. एक माणूस सिनेगॉगच्या मागून चालला आहे, किंवा त्याचे घरच शेजारी आहे. आतून शोफारचा, म्हणजे शिंगाच्या तुतारीचा, आवाज त्याच्या कानी आला. त्याने मन लावले असेल तर त्याचे कर्तव्य झाले. लावले नसेल तर नाही. आवाज तोच, कान तोच.

मत्साच्या उदाहरणापुढे हे ठेवून पाहावे. खाणे देहात उतरते, म्हणून तिथे कृती पुरली. ऐकणे मन लावल्याशिवाय होतच नाही. म्हणून हेतू हवा की नको, असा सरसकट प्रश्न विचारण्यापेक्षा या सणात हेतू कुठे लागतो, असे विचारणे बरे. झाकण ठेवायला हात लागतो, स्मरण करायला मन.

वचने 26–32

*आशय : दहावा दिवस प्रायश्चित्ताचा, त्या दिवशी जिवाला क्लेश द्यावेत, काही काम करू नये, जो हे करणार नाही तो लोकांतून तुटेल, संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळावा.*

याच दिवसाचा विधी 16व्या अध्यायात सविस्तर आहे. तिथे प्रमुख याजक, दोन बकरे, परमपवित्रस्थानातला प्रवेश असे सर्व येते. येथे त्या विधीचे वर्णन नाही. येथे ‘जो कोणी’ आहे. मंदिर नसले, याजक नसला, तरी प्रत्येकाच्या वाट्याचा दिवस उरतो, ही सोय या वचनांनी करून ठेवली.

कोकणात ती कामी आली. दारफाळणीच्या दिवशी बेने इस्रायल घराची दारे लावून घेत, पांढरे कपडे घालत, दिवसभर उपास करत आणि बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवत नसत. सिनेगॉग नव्हते. पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत 1796 साली बांधले. त्याआधीची कित्येक शतके लावलेल्या दाराआडचे ते घर हेच प्रार्थनास्थळ होते. पुरोहित नाही, पोथी नाही, पाहणारे कोणी नाही. उपास मोडला असता तरी कळले नसते. अशा ठिकाणी टिकलेला उपास निव्वळ मनाचा असतो.

*शंका :* दार लावून केलेली भक्ती स्वतःपुरती होत नाही का?

*समाधान :* दार कशासाठी लावले ते पाहावे. मैमोनिदीस सणाच्या नियमांत लिहितात की, जो अंगणाचे दार लावून बायकामुलांसह खातो-पितो आणि गरिबांना जेवू घालत नाही, त्याचा आनंद आज्ञेचा नसून त्याच्या पोटाचा आहे. मेजवानीसाठी लावलेले दार त्यांनी दोषी ठरवले. दारफाळणीचे दार उपासासाठी लागते आणि दुसऱ्या दिवशी उघडते. तो दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचे आणि आप्तेष्टांकडे जायचे. बंद दिवस आणि उघडा दिवस मिळून एक सण होतो. शास्त्रही हेच म्हणते. मिश्नातल्या ‘योमा’प्रमाणे माणसाने देवाविरुद्ध केलेल्या पापांचे प्रायश्चित्त हा दिवस करतो, शेजाऱ्याविरुद्ध केलेल्यांचे, त्या शेजाऱ्याचे समाधान केल्याशिवाय होत नाही. आणि या दिवशी सकाळी सिनेगॉगांत यशयाच्या ग्रंथातला जो भाग वाचतात, त्यात उपासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेणाऱ्यांवर संदेष्ट्याने कडक शब्दांत टीका केली आहे. उपाशी लोकांसमोर उपासाचीच झडती घेणारे हे वाचन मुद्दाम त्याच दिवशी ठेवले, यात या परंपरेचा प्रामाणिकपणा दिसतो.

वचने 33–38

*आशय : पंधराव्यापासून सात दिवस मांडवांचा सण, आठव्या दिवशी मेळा; हे सण, शब्बाथ, देणग्या आणि नवस यांखेरीज.*

समारोपाची वचने. नवस आणि स्वेच्छेची देणगी वेगळी राहते, सण तिची जागा घेत नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढे जावे.

वचने 39–43

*आशय : शेताचे उत्पन्न घरी आणल्यावर सात दिवस उत्सव, फळ, खजुरीच्या झावळ्या, दाट पालवीच्या फांद्या आणि ओहळाकाठचे वाळुंज घेऊन आनंद करावा, सात दिवस मांडवांत राहावे, म्हणजे मिसरातून आणताना देवाने इस्रायलांना मांडवांत ठेवले होते हे पुढच्या पिढ्यांना कळेल.*

धान्य घरात आले, कणगी भरली, तेव्हा घराबाहेर पडून पाल्याच्या छपराखाली राहायचे. छपर झाडापाल्याचे हवे, उन्हापेक्षा सावली अधिक हवी, तरी रात्री चांदण्या दिसाव्यात असे शास्त्र सांगते. पावसाने अन्न नासू लागले तर आत जावे, कारण हाल सोसणे हा या सणाचा हेतू नाही. भरल्या घराचा माज उतरावा, एवढेच हवे आहे.

43वे वचन कारण उघड सांगते : पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून. पोलंडचे 17व्या शतकातले पंडित योएल सिर्किस यांनी यावरून निर्णय काढला की, मांडवात बसताना ही आठवण मनात आणली पाहिजे. नुसते बसणे येथे पुरत नाही. काय आठवायचे यावरही तालमूदात दोन मते आहेत. रब्बी एलिएझर म्हणतात, ते मांडव म्हणजे देवाच्या तेजाचे मेघ. रब्बी अकिवा म्हणतात, खरेखुरे मांडव. मला अकिवांचे मत अधिक लागू वाटते. वाळवंटात आपले पूर्वज झावळ्यांखाली झोपले हे आठवले, तर आज भट्टीवर पालाच्या आडोशाला झोपणारे माणूस परके वाटत नाही.

वचन 44

*आशय : मोशेने हे सण इस्रायलांना सांगितले.*

एका ओळीचा शेवट. कोणीतरी येऊन सांगावे लागते, एवढेच त्यात आहे. बेने इस्रायलांच्या आठवणीत तो माणूस दावीद राहाबी. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंपरा सांगते की, हे लोक खरेच यहुदी आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले, आणि त्यांनी पंख-खवले नसलेले मासे आपण खात नाही म्हणून बाजूला काढले. मग त्याने त्यांना शिकवायला घेतले. त्याने आधी अज्ञान मोजले नाही. निष्ठा पाहिली आणि तिच्यावर ज्ञान उभे केले. सणाचा अर्थ शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम पाळावा. आजीला कारण माहीत नाही म्हणून तिचा आचार मोडीत काढणारे सुशिक्षित नातू सर्वच धर्मांत आहेत. राहाबीने तसे केले असते, तर शिकवायला समाजच उरला नसता.

निर्णय

कृती आधी, कारण मागून, तरी सण टिकतो. हे कोकणाने सिद्ध केले. कारण कळल्यावर कृती सोडली तर सण मरतो. आणि कृती व कारण दोन्ही असून 22वे वचन सोडले, तर सण उरतो पण देवाचा राहत नाही. हेतू मनात किती होता हे दुसऱ्याला पाहता येत नाही. घाणा थांबला का, दुसऱ्या दिवशी दार उघडले का, शेताचा कोपरा उभा राहिला का, हे मात्र गावाला दिसते, आणि अध्याय त्यावरच बोट ठेवतो.

ठाण्याच्या सिनेगॉगात तिश्रीचे सण आजही पाळले जातात, आणि 2016 साली महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. ज्यांना या समाजाविषयी आपुलकी आहे त्यांनी त्याचे सण कुतूहलापुरते न पाहता हा अध्याय एकदा पूर्ण वाचावा. आणि ज्यांच्या घरी यंदा भात पिकले आहे त्यांना एकच विनंती : दिवाळीचा पहिला दिवा लावण्याआधी कापणीच्या मजुरांची मजुरी चुकती करा, आणि सरवा वेचायला आलेल्यांना शेतातून हाकलू नका.